चमकत्या पाण्याची आरास: फ्लोरोसंट रंग वापरून पहिली बरणी कशी करावी

गणपतीच्या मखरामागे किंवा दिवाळीत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलेली हिरवीगार चमकणारी बरणी करायला पंधरा मिनिटं पुरतात. तरी पहिल्या खेपेला ती बहुतेकांची फसते, आणि फसण्याची कारणं ठरलेली असतात: रंग फार जास्त पडलेला असतो, नाहीतर दिवा चुकीचा असतो. या दोन गोष्टी नीट समजल्या की बाकीचं सगळं सरावाने जमतं. म्हणून सुरुवात दिव्यापासून करू; रंग विकत घ्यायची घाई नको.

फ्लोरोसंट रंग स्वतः प्रकाश तयार करत नाही. तो जांभळ्या, निळ्या किंवा डोळ्याला न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशाची ऊर्जा घेतो आणि हिरव्या, पिवळ्या, तांबड्या अशा दिसणाऱ्या रंगात परत देतो. दिवा बंद केला की त्याच क्षणी चमकही बंद. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही वस्तूला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात. छताला चिकटवायच्या चांदण्या दिवा विझल्यावरही काही वेळ उजळत राहतात, तो प्रकार वेगळा. त्या चांदण्यांतली पावडर पाण्यात विरघळतही नाही, तळाशी बसते. दुकानात ‘फ्लोरोसंट पावडर’ किंवा ‘निऑन रांगोळी’ म्हणून मिळतं तेही पाण्यात न विरघळणारं रंगद्रव्य असतं. बरणीत टाकलं तर पाणी गढूळ होतं आणि तासाभरात खाली गाळ जमतो. आपल्याला हवा तो पाण्यात पूर्ण विरघळणारा रंग.

दिवा

बाजारात ‘यूव्ही’ (म्हणजे अतिनील) म्हणून विकले जाणारे एलईडी मुख्यतः दोन प्रकारचे असतात: ३६५ नॅनोमीटरचे आणि ३९५ ते ४०५ नॅनोमीटरचे (नॅनोमीटर हे प्रकाशाच्या तरंगलांबीचं माप). दुसरे स्वस्त असतात आणि लावले की स्पष्ट जांभळे दिसतात. ३६५ चा प्रकाश डोळ्याला फिकट, मळकट पांढुरका भासतो. त्याच्या चांगल्या टॉर्चवर काळी काच असते, ती उरलासुरला दिसणारा प्रकाश अडवते. टॉर्च लावताच भिंत गडद जांभळी झाली, तर पाकिटावर काहीही छापलेलं असो, तो ३९५ चाच समजा.

फरक महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक रंगाची भूक वेगळी. टॉनिक वॉटर या कडवट शीतपेयातलं क्विनाइन ३५० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषतं. ३६५ खाली ते झकास निळं उजळतं, ३९५ खाली जेमतेम दिसतं. ‘टॉनिक वॉटर चमकतच नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते. उलट फ्लोरेसीन हा हिरवा चमकणारा रंग ४९० नॅनोमीटरला, म्हणजे निळ्या प्रकाशात, सर्वांत जास्त शोषतो. त्याला यूव्ही दिव्याची गरजच नाही. साधी निळी एलईडी पट्टी, किंवा घरी असलेली रंग बदलणारी पट्टी निळ्यावर ठेवली, तरी तो यूव्हीपेक्षा जोरात पेटतो. अडचण एवढीच की पट्टीचा निळा उजेड डोळ्यावर आला तर हिरवा फिका वाटतो. म्हणून पट्टी बरणीच्या खाली किंवा मागच्या कोपऱ्यात अशी दडवायची की पाहणाऱ्याला दिवा दिसू नये, फक्त पाणी दिसावं.

नवख्याने सुरुवातीला घ्यावं ते असं: १२ व्होल्टची ३९५ ते ४०५ नॅनोमीटरची पाच मीटरची पट्टी, १२ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर आणि एक ३६५ चा टॉर्च. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पट्ट्या मिळतात. मीटरला ६० एलईडी असलेल्या साध्या पट्टीला पाच मीटरला साधारण २४ वॉट लागतात. २ अँपिअरचा अडॅप्टर अगदी काठावर चालतो आणि तापतो, म्हणून ३ चा.

एक दिवा मात्र कधीही वापरायचा नाही: जंतू मारण्यासाठीचा २५४ नॅनोमीटरचा, ज्याला यूव्ही-सी म्हणतात. पारदर्शक काचेची नळी, कपाट निर्जंतुक करायच्या कांड्या, पाण्याच्या फिल्टरमधली सुटी नळी, हे सगळं त्यातलं. काही मिनिटांत डोळ्यांना आणि कातडीला इजा होते, आणि त्रास काही तासांनी जाणवू लागतो, तोवर उशीर झालेला असतो. आरास पाहायला लहान मुलं येतात, हे लक्षात ठेवावं. ३६५ आणि ३९५ चे दिवेसुद्धा थेट डोळ्यांसमोर येणार नाहीत असेच बसवायचे.

भांडं, पाणी, पार्श्वभूमी

साधी पातळ काच उत्तम. लोणच्याची पारदर्शक बरणी, जॅमची बाटली, प्रयोगशाळेतली चंचुपात्रं, सगळं चालतं. ३६५ चा प्रकाश त्यांतून बऱ्यापैकी आरपार जातो. शीतपेयाची प्लास्टिक बाटलीही चालते, पण ती स्वतःच किंचित निळसर चमकते. पॉलिकार्बोनेट आणि बरंचसं ॲक्रिलिक अतिनील प्रकाश अडवतं. त्या भांड्यात रंग चमकला नाही तर दोष रंगाला देऊ नका. तपासणी सोपी आहे: पांढरा कागद भांड्यामागे धरा आणि पुढून टॉर्च मारा. कागद निळा उजळला तर प्रकाश आरपार जातोय.

हाच कागद पार्श्वभूमी म्हणून मात्र घातक. पांढरा कागद, धुतलेली चादर, पांढरा सदरा यांत चकाकीची द्रव्यं असतात आणि यूव्हीखाली ती बरणीपेक्षा जोरात उजळतात. मागे काळा कार्डशीट किंवा काळं मखमली कापड लावा. आराशीत पांढरं थर्माकोल किंवा सॅटिन असेल तर त्यावर पट्टीचा उजेड पडू देऊ नका.

पाणी डिस्टिल्ड घ्यावं. बॅटरीच्या दुकानात आणि पेट्रोल पंपावर पाच लिटरचे कॅन मिळतात. घेताना लेबल वाचा, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही तशाच कॅनमध्ये असतं. डिस्टिल्ड नसेल तर आरओचं पाणी चालतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो आणि आपण रंग इतका कमी वापरणार आहोत की तेवढा क्लोरीनही त्यातला काही भाग खाऊन टाकतो. नळाचंच वापरायचं असेल तर उघड्या बादलीत रात्रभर ठेवा. बोअरच्या जड पाण्यात धुण्याचा सोडा टाकला की पांढरा साका धरतो. असं पाणी आराशीला नकोच.

पहिली बरणी: युरेनीनचं हिरवं पाणी

युरेनीन म्हणजे फ्लोरेसीनचा सोडियम क्षार. फ्लोरेसीन पहिल्यांदा आडोल्फ फॉन बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८७१ मध्ये बनवलं. प्रयोगशाळेची रसायनं विकणाऱ्या दुकानांत, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या भागात, ते २५ ग्रॅमच्या बाटलीत मिळतं. मागताना ‘फ्लोरेसीन सोडियम’ किंवा ‘युरेनीन’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘फ्लोरेसीन’ मागितलं तर पाण्यात न विरघळणारा प्रकार हातात पडू शकतो. त्याचे कण पाण्यावर तरंगत राहतात. तसा आलाच, तर चमचाभर पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून त्यात तो मुरवा, मग विरघळतो.

बाटली उघडली की विटकरी रंगाची पावडर दिसते. यूव्हीखाली धरली तरी ती अजिबात चमकत नाही, आणि माल खोटा निघाला असं वाटतं. खोटा नाही. कण इतके दाटीने असतात की एकाने घेतलेली ऊर्जा शेजाऱ्याकडे जाऊन वाया जाते. चमकायला प्रत्येक कणाला भोवती मोकळं पाणी लागतं.

पावडर हवेत फार उडते आणि जिथे बसेल तिथे पुढच्या ओल्या फडक्याने हिरवा डाग उमटतो. पंखा बंद करा, खाली वर्तमानपत्र पसरा, हातमोजे घाला. आता आधी मूळ द्राव करायचा. सोनारी छोट्या काट्यावर १ ग्रॅम युरेनीन मोजा, १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात टाका आणि ढवळा. काचेच्या बाटलीत भरून अंधाऱ्या कपाटात ठेवा. या द्रावाच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम रंग आहे. यापुढे कोरड्या पावडरीला हात लावायची वेळ येत नाही.

दहा सेंटिमीटर रुंदीच्या एक लिटरच्या बरणीत पाणी भरा. त्यात पाव छोटा चमचा खाण्याचा सोडा विरघळवा. मग सुईच्या सिरिंजने (सुई काढून) मूळ द्राव ५ मिलिलिटर टाका. झालं. दिवसाच्या उजेडात हे पाणी फिकट पिवळसर हिरवं, जवळपास पारदर्शक दिसतं, आणि इथेच हात शिवशिवतो: अजून थोडं टाकावंसं वाटतं. टाकू नका. खोली अंधारी करा, पट्टी लावा, मग ठरवा.

प्रमाण भांड्याच्या रुंदीनुसार बदलतं, फक्त लिटरवर जाऊ नका. यूव्ही पट्टीखाली दहा सेंटिमीटरच्या बरणीला लिटरमागे ५ मिलिलिटर मूळ द्राव. वीस लिटरच्या पाण्याच्या जारसारखं रुंद भांडं असेल तर लिटरमागे २, म्हणजे एकूण ४० मिलिलिटर. बारीक परीक्षानळीला लिटरमागे १५ पर्यंत चालतं. निळ्या पट्टीखाली मात्र हे सगळं पाचव्या हिश्श्यावर आणा. निळा प्रकाश फ्लोरेसीन इतका जोरात शोषतो की लिटरमागे १ मिलिग्रॅम असला तरी दहा सेंटिमीटर पाण्यात बहुतेक सगळा प्रकाश संपतो.

जास्त टाकलं तर नेमकं काय होतं ते एकदा मुद्दाम करून पाहण्यासारखं आहे. दिव्याकडच्या बाजूला काचेलगत दोन-तीन मिलिमीटरचा झळझळीत पापुद्रा दिसतो आणि बाकीची बरणी काळसर राहते. सगळा प्रकाश त्या पापुद्र्यातच खर्च होतो, आत पोचतच नाही. उपाय म्हणजे अर्धं पाणी ओतून तेवढंच साधं पाणी घाला आणि पुन्हा पाहा. चमक कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसेल.

हा रंग किती थोडा पुरतो याचा सर्वांत जुना पुरावा जर्मनीतला. डॅन्यूब नदीचं पाणी वरच्या खोऱ्यात जमिनीत मुरतं ते कुठे निघतं, हे शोधण्यासाठी १८७७ मध्ये तिथे १० किलो युरेनीन ओतलं. सुमारे ६० तासांनी आख नावाच्या झऱ्याचं पाणी हिरवं चमकू लागलं. आपल्या हिशोबाने २५ ग्रॅमच्या एका बाटलीत पाच हजार लिटर पाणी उजळतं. तेव्हा मोठी बाटली घेऊच नका.

काटा आणि पावडर दोन्ही नको असतील तर औषधांच्या दुकानात डोळे तपासण्याच्या फ्लोरेसीनच्या कागदी पट्ट्या मिळतात. एका पट्टीवर साधारण १ मिलिग्रॅम रंग असतो. २०० मिलिलिटर पाण्यात एक पट्टी बुडवून हलवली की प्रमाण बरोबर बसतं, हातही स्वच्छ राहतात. एक-दोन बरण्याच करायच्या असतील तर हाच मार्ग सर्वांत चांगला.

सोडा कशासाठी, हे विचारायला हवं. फ्लोरेसीनला पाणी किंचित अल्कधर्मी लागतं. आंबट पाण्यात तो विझतो. खाण्याचा सोडा पाण्याचा सामू (पीएच) आठच्या थोडा वर नेतो, तेवढं पुरे.

यातूनच एक सुरेख खेळ करता येतो. २०० मिलिलिटर युरेनीनचं पाणी सोडा न घालता उंच ग्लासात घ्या, दिव्याखाली ठेवा आणि छोटा चमचाभर गाळलेला लिंबाचा रस सोडा. रस जिथे जिथे पोचतो तिथे पाणी काळवंडत जातं. पूर्ण विझलं की पाव चमचा खाण्याचा सोडा टाका: फेस उसळतो आणि खालून पुन्हा हिरवं पेटत येतं. ग्लास काठापासून चार बोटं रिकामा ठेवा, नाहीतर फेस पट्टीवर जाईल. पाहुण्यांसमोर करायला याहून चांगलं काही नाही.

निळा, पिवळा, तांबडा

निळ्यासाठी दोन वाटा. पहिली टॉनिक वॉटर. क्विनाइनच्या द्रावाच्या पृष्ठभागावरची निळी झाक ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८४५ मध्ये नोंदवली, आणि या सगळ्या प्रकाराला ‘फ्लोरेसन्स’ हे नाव भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज स्टोक्सने १८५२ मध्ये दिलं. लेबलवर क्विनाइन लिहिलेलं आहे ना ते पाहून बाटली घ्या, भांड्यात ओतून तासभर ठेवा म्हणजे वायू निघून जाईल. वायूसकट झाकण लावलं तर बरणीत दाब वाढतो. टॉनिकमध्ये निम्मं पाणी मिसळलं तरी चमक टिकते. यात सोडा टाकायचा नाही, कारण क्विनाइनला आंबटपणाच मानवतो; म्हणूनच क्विनाइन आणि युरेनीन एका बरणीत नांदत नाहीत. मीठही टाकायचं नाही. मिठातला क्लोराइड क्विनाइनची चमक मारतो, ग्लासभर टॉनिकमध्ये चमचाभर मीठ ढवळलं तर फरक डोळ्याला दिसतो. आणि टॉनिकमध्ये साखर असते. पावसाळ्यात बरणीचं तोंड बंद नसेल तर सकाळपर्यंत मुंग्यांची रांग लागते. बिनसाखरेचं मिळालं तर तेच घ्या.

दुसरी वाट कपड्यांना चकाकी देणाऱ्या पांढऱ्या पावडरीची, जिला बरेच जण रानीपाल या नावाने ओळखतात. लिटरला चिमूटभर पुरते, आणि ती ३९५ खालीही बऱ्यापैकी चमकते. (निळीने हे काम होत नाही, नीळ नुसती निळी दिसते, चमकत नाही.) पाणी धुरकट वाटलं की माणूस सहज सुती फडक्याने गाळतो, आणि फसतो. ही पावडर बनलेलीच सुताला चिकटण्यासाठी. फडकं लखलखतं आणि बरणी अंधारते. गाळू नका; रात्रभर स्थिर ठेवून वरचं निवळ पाणी हळूच काढून घ्या.

पिवळसर हिरव्यासाठी ब-२ जीवनसत्त्व, म्हणजे राइबोफ्लेविन. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी गर्द पिवळी होते ती याच्यामुळे. १० मिलिग्रॅम राइबोफ्लेविन असलेली एक गोळी कुटून अर्धा लिटर कोमट पाण्यात टाका, ढवळा, रात्रभर अंधारात निवळू द्या. रंगीत आवरणाची गोळी असेल तर आधी आवरण ओल्या बोटाने पुसून काढा. हे पाण्यात फार विरघळत नाही, त्यामुळे जास्त गोळ्या टाकून चमक वाढत नाही, गाळ तेवढा वाढतो. उन्हात याची चमक काही तासांत जाते. दीड दिवसाच्या गणपतीला चालेल, दहा दिवसांच्या नाही.

तांबडा सर्वांत देखणा, आणि तो भाजीवालीकडे मिळतो. पालकाची मूठभर पानं धुऊन फडक्याने पूर्ण कोरडी करा, चिरा, खलबत्त्यात ठेचा. १०० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये झाकून अर्धा तास ठेवा आणि कापसातून गाळा. पानांवर पाणी राहिलं तर अर्क गढूळ येतो. गर्द हिरवा अर्क निळ्या किंवा ४०५ च्या प्रकाशाखाली धरला की रक्तासारखा तांबडा उजळतो. हिरवा द्रव तांबडा प्रकाश देतो हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरं वाटत नाही. अर्क फार गर्द असेल तर स्वतःचाच तांबडा प्रकाश गिळतो. अल्कोहोल घालत घालत पोपटीवर आणा. उजेडात दोन दिवसांत तो तपकिरी पडतो, म्हणून करायचा त्याच संध्याकाळी. अल्कोहोल पेट घेतं. समई, निरांजन, उदबत्ती, पणती यांच्या आसपास ही बरणी ठेवायचीच नाही, आणि आरतीच्या वेळी तर मखराजवळही नको.

गुलाबी-नारिंगीसाठी ऱ्होडामाइन बी सुचवलं जातं. रंग विलक्षण आहे, पण घरगुती आराशीसाठी ते टाळा. कपड्यावर, फरशीवर, कातडीवर बसलं की निघत नाही, आणि खाद्यपदार्थांत त्याला बंदी आहे. गुलाबी ‘म्हातारीच्या केसां’त ते सापडलं म्हणून तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या मिठाईवरच बंदी घातली. त्याऐवजी गुलाबी किंवा नारिंगी हायलायटर पेन उघडून आतली ओली वात २०० मिलिलिटर पाण्यात अर्धा तास भिजवा. पेन विकत घेताना कागदावर रेघ ओढून टॉर्चखाली पाहा. पिवळा, गुलाबी, नारिंगी बहुधा चमकतात. निळे आणि जांभळे बऱ्याचदा नाही.

खाण्याचे रंग यांपैकी कशातही मिसळू नका. बहुतेक खाद्यरंग चमकत नाहीत, उलट चमकणाऱ्याच्या वाटचा प्रकाश खातात.

हलती आरास

नुसत्या बरण्यांपेक्षा पाण्यात उतरणारे धागे जास्त लोकांना थांबवून ठेवतात. उंच काचेचं भांडं पाण्याने भरा, चमचाभर मूळ द्रावात चिमूटभर साखर विरघळवा. भांडं अर्धा तास अजिबात न हलवता ठेवा. मग ड्रॉपरने पाण्याच्या पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटर उंचीवरून एक थेंब सोडा. चमकणारं कडं तयार होतं, खाली उतरता उतरता फुटतं आणि त्यातून वडाच्या पारंब्यांसारखे धागे लोंबतात. थेंब फार उंचावरून पडला तर नुसता ढग होतो. पाणी दिव्याच्या उष्णतेने किंवा पंख्याने जरा जरी फिरत असलं तरी धागे तिरके होऊन विरतात. पंधरा-वीस थेंबांनंतर सगळं पाणीच उजळतं, तेव्हा भांडं बदला.

तरंगता पट्टा करायला साखर लागते. सव्वा लिटरची बाटली, तीन भांड्यांत प्रत्येकी ३०० मिलिलिटर पाणी. पहिलं साधं. दुसऱ्यात ४० ग्रॅम साखर, दीड मिलिलिटर मूळ द्राव आणि चिमूटभर सोडा. तिसऱ्यात १२० ग्रॅम साखर. तिन्ही एकाच तापमानाला येऊ द्या, हे विसरलं की थर आपोआप मिसळतात. आधी साधं पाणी बाटलीत भरा. मग माशांच्या टाकीची पारदर्शक नळी तळापर्यंत सोडून वर नरसाळं लावा आणि दुसरं पाणी अगदी सावकाश ओता. ते खाली जातं आणि साध्याला वर उचलतं. मग त्याच नळीने तिसरं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर तो वर येताना सगळं घुसळतो, म्हणून नळी आधी भरून घ्या. शेवटी नळी चिमटून हळूच बाहेर काढा. अंधारात फक्त मधला पट्टा हिरवा दिसतो, वर-खाली काहीच नाही. धक्का लागला नाही तर दिवसभर टिकतो, मग कडा विरत जातात.

तेलाचा थर याहून सोपा. अर्धी वाटी रिफाइंड तेलात पाव चमचा हळद घालून मंद आचेवर कोमट करा, रात्रभर निवळू द्या, वरचं स्वच्छ तेल घ्या. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही म्हणावं इतकं कमी विरघळतं, तेलात आणि अल्कोहोलमध्ये मात्र पिवळसर चमकतं. वायू गेलेल्या टॉनिक वॉटरवर हे तेल ओतून ३६५ चा टॉर्च खालून मारा. खाली निळं, वर पिवळं, आणि दोन्ही स्वयंपाकघरातलं. खाली रानीपालचं पाणी घेतलं तर तेल दुधाळ होण्याचा संभव असतो.

कारंजं करायचं तर १२ व्होल्टचा छोटा पंप घ्या. २३० व्होल्टचा पाण्यातला पंप घरात लहान मुलं असताना नकोच. पाच लिटरला १० मिलिलिटर मूळ द्राव आणि एक सपाट चमचा सोडा. उडणारे थेंब भिंतीवर वाळले की पिवळे ठिपके राहतात, तेव्हा टोपलं कारंज्याच्या उंचीच्या दुप्पट रुंद हवं. रोज जितकं पाणी उडून जाईल तितकं फक्त साधं पाणी घाला, रंग नाही, नाहीतर तिसऱ्या दिवशी कारंजं गर्द आणि मंद होतं.

बर्फ चमकवायचा प्रयत्न बहुतेक वेळा निराश करतो. पाणी गोठताना स्वच्छ बर्फ आधी बनतो आणि रंग मध्यभागी ढकलला जातो. तिथे तो इतका दाटतो की विझतो. साचे भरून फ्रीजर वाया घालवण्यापेक्षा साध्या बर्फाचे खडे चमकत्या पाण्यात सोडा. काळे खडे हिरव्या पाण्यात तरंगताना जास्त चांगले दिसतात.

टिकवणं आणि टाकून देणं

जो प्रकाश रंगाला चमकवतो तोच त्याला हळूहळू मारतो. पट्टी फक्त संध्याकाळी लावा, दिवसा बरण्या कापडाने झाका. युरेनीनची झाकलेली बरणी दहा दिवस आरामात जाते. पाणी उकळून गार केलेलं असेल तर शेवाळ आणि बुरशीही धरत नाही. मधेच चमक गेली तर क्रमाने पाहा: आधी चिमूटभर सोडा टाका, मग नव्या पाण्याची बरणी शेजारी ठेवून तुलना करा, आणि तरीही फिकी वाटली तर २ मिलिलिटर मूळ द्राव घाला. पट्टीचे एलईडी मंद झालेत का, हे शेवटी.

प्रत्येक बरणीवर ‘पिण्यासाठी नाही’ अशी मोठी चिठ्ठी हवी, आणि सरबताचे ग्लास किंवा पाण्याच्या बाटल्या भांडी म्हणून वापरू नयेत. हिरवं चमकतं पाणी मुलांना सरबतच वाटतं. पिण्याच्या पेयात चमक हवीच असेल तर बंद बाटलीतून थेट ग्लासात ओतलेलं टॉनिक वॉटर, बस्स.

आरास उतरवल्यावर हे पाणी विसर्जनाच्या हौदात, विहिरीत, तळ्यात किंवा नाल्यात ओतायचं नाही. चिमूटभर रंगाने केवढं पाणी हिरवं होतं ते वर पाहिलंच आहे. युरेनीन उन्हात मोडतं. पांढऱ्या बादलीत किंवा परातीत पाणी पसरून गच्चीवर दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा आणि रात्री टॉर्च मारून पाहा. चमक दिसत नसेल तर मोरीत ओता. ढगाळ दिवस असतील तर बादलीभर पाण्यात दोन चमचे ब्लीच टाकून तासभर थांबा. मात्र त्या बादलीत आधी लिंबू किंवा दुसरं कुठलं आंबट पडलेलं नसावं, कारण ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो. पालकाचा अर्क उघड्या भांड्यात, आगीपासून दूर, हवेशीर जागी उडून जाऊ द्यावा.

उरलेला मूळ द्राव अंधारात, घट्ट बंद, नाव आणि तारीख लिहून ठेवला तर पुढच्या वर्षीच्या आराशीला तोच पुरतो.